कलापथकात निर्णय कोणी घ्यावा?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत सहसा धम्मावर, संविधानावर किंवा मुलांच्या शिक्षणावर बोलले जाते. मला मात्र कार्यकारिणीने 'कला आणि व्यवस्थापन' हा विषय दिला आहे. तो का दिला हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपल्या तरुण मुलामुलींच्या कलापथकाने धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी एक प्रहसन बसविले आहे. त्यात एक नोकरदार गृहस्थ डोंबिवलीत फ्लॅट घेतो, दारावरच्या पाटीवर आडनाव बदलतो आणि शेजारी चहाला आले की बुद्धमूर्ती कपाटात ठेवतो. हा प्रवेश काढावा, असे कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे आहे. काढला तर प्रयोगच करणार नाही, असे मुलांचे म्हणणे आहे. येत्या रविवारी याचा निर्णय व्हायचा आहे. मी स्वतः बँकेत कारकून आहे आणि फ्लॅटमध्येच राहतो. तेव्हा तो टोला मलाही लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कलापथक म्हटले की आपण गाणी, ढोलकी, टाळ्या एवढेच पाहतो. त्यामागे कारभार असतो. तारीख कोणी घ्यायची, बिदागी किती सांगायची, तालीम कुठे, कोणते गाणे आधी आणि कोणते शेवटी, हे कोणीतरी ठरवीत असते. हा प्रश्न आजचा नाही. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या एका गृहस्थाची कथा आहे. तो 'नटगामणी', म्हणजे नटांच्या ताफ्याचा प्रमुख होता. आजच्या भाषेत नाटक कंपनीचा मालक म्हणा. राजगृहाच्या वेळुवनात तो भगवान बुद्धांकडे आला आणि म्हणाला, आमचे पूर्वीचे आचार्य सांगत आले की, जो नट रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसवतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांमध्ये जन्म घेतो. आपण काय म्हणता? बुद्धांनी दोनदा सांगितले, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र स्पष्ट सांगितले. लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांत गुंतलेले असतात. नटांचा प्रमुख त्यांच्यापुढे हेच वाढविणाऱ्या गोष्टी आणून ठेवतो, स्वतः बेसावध राहतो आणि लोकांनाही बेसावध करतो. त्याला स्वर्ग मिळणार नाही. तालपुट रडला. बुद्धांच्या शब्दांमुळे नव्हे, तर आजवर आपल्याला फसविले गेले म्हणून. पुढे तो भिक्खू झाला, अर्हत झाला, आणि थेरगाथेत त्याच्या नावावर दीर्घ गाथा आहेत.

या सुत्ताचा आधार घेऊन काही मंडळी म्हणतात की, बौद्धांनी नाचगाण्याच्या नादी लागूच नये. मला ते पटत नाही. नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील भिक्खूंना आणि उपोसथ पाळणाऱ्यांना आहे; पंचशीलात ते नाही. अश्वघोषासारख्या बौद्ध महाकवीने सारिपुत्तांच्या धम्मदीक्षेवर नाटक लिहिले आणि त्याची जीर्ण पाने मध्य आशियात सापडली. बुद्धांनी तालपुटाला खरे म्हणजे एक कसोटी दिली. तुझ्या खेळाने बघणाऱ्याच्या मनात काय वाढते? आणि हा प्रश्न त्यांनी मृदंग वाजविणाऱ्याला विचारला नाही, ताफ्याच्या प्रमुखाला विचारला. जो निर्णय घेतो त्याच्यावर त्याची जबाबदारी येते.

हीच कसोटी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या लढ्याच्या काळात लावली. १९२७ साली प्रसिद्ध तमासगीर पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केले. बापूराव जन्माने ब्राह्मण; जात सोडून तमाशात आलेले; पवळाबाईंबरोबर त्यांचे नाव महाराष्ट्रभर गाजलेले. चळवळीला पैशाची निकड होती. तरीही बाबासाहेबांनी ती रक्कम नाकारली. आपल्या समाजाच्या स्त्रिया नाचवून मिळालेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्याला नको, हा त्यामागचा विचार. हिशेबाच्या वहीत पाहिले तर तो तोट्याचा निर्णय दिसतो. पण आपल्या रंगमंचाचा पुढचा मार्ग कोणता असावा, हे त्यात सांगितले गेले.

पुढे नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी तमाशाचीच, तुणतुणे तमाशाचेच, सवालजवाबाचा बाज तोच. परंतु देवस्तुती नको, गौळणीतला शृंगार नको, बाई नाचवायची नाही. आता तमाशातून एवढे काढल्यावर उरते काय? इथेच त्यांच्या प्रतिभेची परीक्षा झाली. त्या रिकाम्या जागी त्यांनी मंदिरप्रवेश आणला, मुलांची शाळा आणली, मृतमांस सोडण्याचा प्रश्न आणला, अंगात येणारा देवऋषी आणला. स्त्रीपार्ट पुरुषच करीत. आणि लोक हसत कशाला होते? स्वतःलाच. जलशात भटजी आणि सावकार यांची टर उडत असे, तशी आपल्याच वस्तीतल्या दारुड्याची आणि अंधश्रद्धाळू म्हाताऱ्याचीही उडत असे. समोर बसलेल्यांत तो दारुडा असेच! भीमरावांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले, आपल्या ग्रंथालयाने ते अवश्य मिळवावे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बंधने जलशावरही होती, किंबहुना फार कडक होती. परंतु ती करणाऱ्यांनी स्वतः समजून स्वीकारली होती. काय सोडायचे हे ज्यांनी ठरविले, त्यांनाच त्याजागी काय आणायचे याचीही चिंता होती. निर्णय आणि निर्मिती एकाच डोक्यात, एकाच तालमीत होती. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हाही लिहिणारे, गाणारे आणि ठरविणारे तेच होते.

आपल्या भागाकडे येऊ. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर, ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंत वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या होत्या. गाणारे कोण? शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधले, मोहोन्याच्या एनआरसीमधले, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले, रेल्वेतले कामगार. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची तिसरी. ढोलकीवाला रात्रपाळीला गेला की पार्टी अडली. म्हणून प्रत्येक पार्टीत दोघांना ढोलकी यायची आणि कोरसमधल्या एकाला तरी मुख्य गायकाची गाणी पाठ असायची. याला आजकाल मोठ्या कंपन्यांत मोठी नावे देतात.

सामन्याच्या रात्री तर कारभार दर मिनिटाला चाले. समोरच्या पार्टीच्या शाहिराने गाण्यातून सवाल टाकला की विचार करायला वेळ तो टाळ्या थांबेपर्यंतचा. शाहीर पेटीवाल्याकडे नुसता बघे, पेटीवाला पट्टी बदले, कोरसला काही सांगावे लागत नसे. कार्यकारिणीची सभा घेऊन तो जवाब देता आला नसता. जिवंत कलेचे हे वैशिष्ट्य आहे. पुस्तकाची चूक दुसऱ्या आवृत्तीत सुधारता येते, इथे समोर माणसे बसलेली असतात.

तेव्हाचे कार्यक्रम रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद झाले. काही ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, एवढेच. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला आणि परीक्षेच्या मुलांना झोप लागते. पण ज्या वेळी गायन सुरू व्हायचे, त्या वेळी आता ते संपवावे लागते. अशा वेळी तीन तासांत बसेल असा नवा सामना रचणे हे कवी-गायकांचे काम होते. त्यांना विचारलेच गेले नाही. जयंती मंडळांनी आपल्यापुरता सोपा निर्णय घेतला आणि डीजे आणला. डीजेला तालीम लागत नाही, जेवण लागत नाही, तो उलट बोलत नाही. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले, जूनमध्ये इथे कल्याणात प्रल्हाद शिंदे गेले. एक रचणारा, एक गाणारा. त्यांची गाणी आजही मिरवणुकीत वाजतात. नवे वामनदादा कोणत्या मंडळाच्या अंदाजपत्रकात बसतात, हे मला कोणी दाखवून द्यावे.

आता कार्यकारिणीच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू खोटी नाही. वर्गणी त्यांनी जमविली आहे. अत्रे रंगमंदिराचे भाडे, अनामत, पोलीस परवानगी यांवर सह्या त्यांच्या आहेत. उद्या गोंधळ झाला तर चौकीत बोलावणे त्यांनाच येणार. शिवाय कलावंतांचा कारभार कसा असतो, हे मी पासबुकांतून पाहिले आहे. आपल्याच परिसरातील एक चांगली पार्टी तत्त्वावरून नव्हे, बेंजोवरून फुटली. बेंजो एकाने इसाराच्या पैशातून आणलेला, पेटी दुसऱ्याच्या घरी, हिशेब कुठेच नाही. भांडण झाले तेव्हा बेंजो एका कपाटात आणि पेटी दुसऱ्या पोटमाळ्यावर गेली, आणि ऐन एप्रिलमध्ये दोघेही घरी बसले.

परंतु पैसा आणि परवानगी ज्याच्या हाती, त्याने प्रवेशही कापावा का? पुण्यात हे घडून गेले आहे. 'प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन' या संस्थेने विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगमंचावर आणले. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे. नाना फडणविसांच्या आणि पुण्याच्या ब्राह्मणांच्या चित्रणावरून वादळ उठले, आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी नाटक थांबविले. ते पदाधिकारी नाटकाचे शत्रू नव्हते. त्यांनीच ती संस्था वाढविली होती. थांबविण्याचा अधिकारही त्यांना होता. पण त्या नाटकाचा जीव ओळीने उभे राहून माणसांचा पडदा करणाऱ्या मुलांच्या रांगेत होता. संस्थेकडे नाव राहिले, रांग बाहेर पडली. मार्च १९७३ मध्ये त्या कलावंतांनी 'थिएटर अकॅडमी' काढली, जानेवारी १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू केले आणि १९८० साली तेच नाटक युरोपात नेले.

आपल्या प्रकरणात आणि त्यात एक फरक आहे. तिथे ज्यांना नाटक बोचले त्यांतले बरेच बाहेरचे होते. आपल्याकडे बोचणारे आपल्यातलेच आहेत, आणि त्यांच्या भीतीला कारण आहे. भाड्याने घर मागताना आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा कसा बदलतो, हे या सभागृहात किती जणांनी पाहिले असेल! पाटी बदलणारा माणूस केवळ हास्यास्पद नाही. मुलांनी लिहिलेला प्रवेश मी वाचला आहे. त्यात त्या गृहस्थावर हसू आहे, पण त्याला पाटी का बदलावी लागली, याचे एक वाक्यही नाही. घरमालक त्यात कुठेच येत नाही. तालपुटाची कसोटी लावायची तर तिथे लावावी. असा प्रवेश पाहून आपला प्रेक्षक सावध होईल, की नुसताच शेजाऱ्याकडे बोट दाखवील? मात्र हे मुलांना विचारायचे असते, त्यांच्या वहीत लाल पेन्सिल चालवायची नसते. कापणाऱ्याला तिथे दुसरे काही लिहायचे नसते, म्हणून त्याचे काम सोपे असते.

मग निर्णय घ्यावा कसा? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले की, भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते: ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान. विनयात ती पद्धत आजही वाचायला मिळते. महत्त्वाच्या कामात आधी ञत्ति, म्हणजे प्रस्ताव मांडायचा; मग तो तीनदा घोषित करायचा; ज्याला मान्य त्याने मौन राहावे, ज्याला अमान्य त्याने बोलावे. वाद मिटेना तर शलाका वाटून बहुमत घ्यायचे. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते तीनदा विचारणे. घाईने, रागाने, कोणाच्या तरी फोनवरून निर्णय होत नाही. आणि ज्याच्याविषयी निर्णय आहे, तो समोर बसलेला असतो.

आपल्या कार्यकारिणीत कलापथकाचा एकही प्रतिनिधी नाही. दोन असावेत, त्यांतली एक मुलगी असावी. पथकाचे वेगळे बचत खाते काढावे, दोन सह्यांचे. एक सही कोषाध्यक्षांची, एक पथकाची. फॉर्म मी आणून देतो. वाद्ये संस्थेच्या नोंदवहीत लिहावीत. तारीख, भाडे, परवानगी, वेळ यांत शेवटचा शब्द कार्यकारिणीचा असावा. संहितेत आणि गाण्यांच्या क्रमात शेवटचा शब्द पथकाचा असावा, मात्र प्रयोगाआधी एकदा सर्वांसमोर वाचन झाले पाहिजे आणि ज्याला खटकले त्याने तिथेच तोंडावर बोलले पाहिजे. वहीवर कवीचे नाव लिहावे. आपल्याकडे शेवटच्या कडव्यात नाव गुंफण्याची रीत कवींनी उगाच पाडलेली नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीने तर कॉपीराइट कायद्यानेही गीतकाराचा मानधनातला वाटा पक्का केला आहे.

रविवारची सभा रात्री नऊला ठेवली आहे, ती संध्याकाळी पाचला घ्यावी अशी अध्यक्ष महोदयांना विनंती आहे. पथकातल्या तीन मुली बदलापूरच्या पुढून येतात. रात्री नऊच्या सभेला आणि रात्री नऊच्या तालमीला त्यांना घरून सोडत नाहीत, आणि तो प्रवेश त्यांच्यापैकीच एकीने लिहिलेला आहे. ती आली की आधी वाचन होऊ द्यावे. घरमालकाचे पात्र घालता येईल का, हे मी तिला विचारणार आहे. ती नाही म्हणाली तर माझे मत मी तिथे मांडीन आणि खाली बसेन.

जयभीम.