मुक्याचे दुखणे



घोडा म्हटला की आपल्यापुढे त्याची ताकद उभी राहते. इंजिनाची शक्तीसुद्धा आपण अश्वशक्तीत मोजतो. पण ज्यांनी घोडा पाळला आहे त्यांना विचारा. ते सांगतील, दावणीच्या जनावरांत घोड्याइतके नाजूक पोट दुसऱ्या कुणाचे नाही. कुत्र्या-मांजराच्या पोटात नको ते गेले तर ते ओकून मोकळे होते. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले पुन्हा वर येत नाही. तीन-चारशे किलोचा देह, पण जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे. त्यापुढे सुमारे २० मीटर लहान आतडे आणि मग घड्या घालून बसवलेले, मध्येच अरुंद होणारे मोठे आतडे. ते पोटात बरेचसे मोकळेच असते. चारा अडकला किंवा वायू धरला की ते जागा सोडते; कधी त्याला पीळ पडतो. घोड्याच्या या पोटदुखीला डॉक्टर कॉलिक म्हणतात. आपला जुना शब्द पोटशूळ.

तुम्ही म्हणाल, आता घोडे राहिलेत कुठे? बहुतेक गावांतले टांगे गेले, हे खरे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. पण माथेरान-महाबळेश्वरला पर्यटक घोड्यावर बसतात, वरातीतला नवरदेव घोड्यावर चढतो, मेंढरे घेऊन निघालेल्या धनगरांचा संसार घोड्याच्या पाठीवर असतो आणि सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. यांतल्या बहुतेक घोड्यांमागे एखादे साधे घर असते आणि त्या घराची चूल घोड्याच्या चार पायांवर चालते.

घोड्याचे दुखणे ओळखायचे कसे? तो खाणे सोडतो. तोबरा तोंडाशी धरला तरी मान फिरवतो. मान वळवून आपल्याच कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वरचा ओठ मुडपतो. लघवीला उभा राहावा तसा ताणतो. बसतो, उठतो, पुन्हा बसतो. लीद कमी होते किंवा थांबतेच. दुखणे वाढले की अंगाला घाम सुटतो आणि तो जमिनीवर गडबडा लोळतो.

नेमके घोडे कुठे पेंड खाते ते शोधायचे तर मागच्या दोन दिवसांकडे बघावे. चंदी एकदम बदलली का? दिवसभर उपाशी ठेवून रात्री हरभरा जास्त पडला का? पाणी कमी मिळाले का? चाऱ्याबरोबर वाळू जाते का, दात झिजून चावणे अपुरे होते का, जंताचे औषध कधी दिले होते? पुष्कळ पोटशूळ अशा साध्या गोष्टींतून उभे राहतात. वेळेवर पाणी, थोडे थोडे पण वारंवार खाणे आणि खाण्यातला बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू, एवढे पाळले तरी पुष्कळ संकट टळते.

दुखणे सुरू झालेच तर आधी पुढ्यातला चारा काढावा आणि लगेच डॉक्टरांना कळवावे. ते येईपर्यंत जबड्याखालची नाडी मोजावी. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती साठीच्या पुढे गेली तर प्रकरण गंभीर समजावे. हिरड्या ओलसर गुलाबी असाव्यात. त्या फिक्या, विटकरी किंवा जांभळट दिसल्या तर ते वाईट लक्षण. कुशीला कान लावावा. निरोगी पोट गुडगुडत असते, अगदी शांत पोट चांगले नव्हे. घोडा लोळू लागला तर सावकाश चालवावा, पण रात्रभर चालवून त्याला दमवू नये. स्वस्थ पडला असेल तर पडू द्यावा. आणि नळकांड्याने तोंडात तेल ओतण्याची जुनी रीत कटाक्षाने टाळावी. ते तेल फुफ्फुसात जाऊ शकते. तेल द्यायचेच तर डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात. त्याच नळीने आत कोंडलेले पाणी आणि वायूही बाहेर काढतात. बहुतेक घोडे एवढ्या उपचाराने बरे होतात. मात्र दोन दिवस वाट पाहून डॉक्टर बोलावणे म्हणजे शब्दशः वरातीमागून घोडे.

आमच्या घरातली जुनी माणसे घोड्याच्या डॉक्टरला सलोत्री म्हणत. पुढे बी.ए.ला असताना मला कळले की हा शब्द शालिहोत्र या नावावरून आला आहे. शालिहोत्र हे आपल्या प्राचीन अश्ववैद्यकाचे आचार्य. त्यांच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथांची मध्ययुगात फारसीत भाषांतरे झाली आणि संस्कृतातले नाव उर्दूच्या वाटेने टांगेवाल्यांच्या तोंडी येऊन बसले. घोड्याच्या वेदनेने भाषांच्या भिंती कधीच ओलांडल्या होत्या.

पण काही पोटशूळ औषधाला दाद देत नाहीत. तिथे खरी परीक्षा सुरू होते आणि ती माणसाची असते.

माझे वडील सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टांगा चालवत. मी शाळेत होतो तेव्हाची, १९८४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या बिजली नावाच्या घोडीने संध्याकाळी चंदी सोडली. अब्बांनी तासाभरात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आणले. नळी घातली, इंजेक्शन दिले. घोडी शांत झाली, आम्हाला हायसे वाटले. तीन तासांनी ती पुन्हा कोसळली. दुसऱ्या इंजेक्शनचा परिणाम तासभरही टिकला नाही. नाडी ऐंशीच्या वर, हिरड्या जांभळ्या. डॉक्टर म्हणाले, "चाचा, औषधानं दुखणं झाकतंय, बरं होत नाही. आतड्याला पीळ पडलाय. पोट उघडायचं तर मुंबई गाठावी लागेल, आणि ती तिथवर पोचायची नाही."

अब्बांनी एकच विचारले, "साहेब, आता जे करू ते तिच्यासाठी असेल, की आपल्या समाधानासाठी?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. अंगणात शेजारपाजारचे जमले होते. कुणी म्हणाले खुदाची मर्जी, कुणी म्हणाले देवाची इच्छा. एक वडीलधारे म्हणाले, "देणारा तो, नेणारा तो. आपण कशाला मध्ये पडायचं?" अब्बा म्हणाले, "नेणारा तोच. तोवर तिनं किती सोसायचं, एवढंच माझ्या हातात आहे." त्यांनी तिचे डोके मांडीवर घेतले आणि डॉक्टरांना मान हलवून सांगितले. त्या घोडीवर आमचे घर चालत होते. पुढे तीन महिने अब्बा दुसऱ्याचा टांगा हाकत होते.

त्यांचा तो प्रश्न मला कुठल्याही कवितेपेक्षा मोठा वाटत आला आहे. आज मोठ्या शहरांत घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया होते, आणि वेळेत झाली तर घोडे वाचतातही. पण तिचा खर्च मोठा. त्यानंतर कित्येक आठवडे घोडा बांधून ठेवावा लागतो, कामाला लागायला काही महिने जातात. घोडा म्हातारा असेल, हृदय थकले असेल, प्रवास लांबचा असेल, तर नाही म्हणणे ही निर्दयता नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही हे ओळखले आहे. ज्या जनावराला जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल, त्याला यातनेतून सोडवण्याची तरतूद त्याच्या तेराव्या कलमात आहे. हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावा आणि त्यांच्याच हातून, वेदना न देता, अमलात यावा.

म्हणून घोडा धडधाकट असतानाच घरात बसून तीन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर आपल्याला ती परवडेल का? घोडा न्यायला गाडी कुणाची, आणि न्यायचा कुठे? आणि आपण गावाला नसलो तर डॉक्टरांना शेवटचा होकार कोण देणार? मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात, तडफडणाऱ्या जनावरापुढे हे प्रश्न पहिल्यांदा सोडवायला घेतले की माणूस आशेने वेळ काढत राहतो, आणि त्या वेळेची किंमत मुका जीव मोजतो. जनावर आपल्याला हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपण त्याला दावणीला बांधले त्याच दिवशी घेतलेला असतो. मग त्याच्या वाईट दिवशी गप्प राहण्याची सवलत आपल्याला नाही.