मे महिन्याचं पाणी ऑक्टोबरात ठरतं

(वसंत व्याख्यानमालेत वाशीम येथे दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसायला व्याख्यानमालेचं निमित्तही लागत नाही. दुपारी बाहेर पडवत नाही आणि रात्री तापलेल्या भिंतींच्या आत झोपवत नाही. मग माणसं पारावर नाहीतर देवळाच्या ओट्यावर येऊन बसतात. त्या ओट्यावर जे बोललं जातं आणि ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात जे लिहिलं जातं, त्यात एवढं अंतर का, हा माझा आजचा विषय आहे.

तूर-हरभरा निघालेला आणि मृग अजून लांब, असे दोन-अडीच महिने आपल्या गावाला मोकळे मिळतात. पुण्या-मुंबईची पोरं लग्नाला येतात, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत येतात. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा, मग सप्ताह, मग लग्नसराई. बाया उन्हं चढायच्या आत गल्लीभर खाटा टाकून कुरडया घालतात. आज एकीच्या, उद्या दुसरीच्या. वर्षातून एकदाच सगळं गाव गावात असतं ते याच दिवसांत.

या दिवसांत गाव काय करू शकतं, हे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी पाहावं. शेकडो माणसांची रोडग्यांची पंगत असते. गोवऱ्यांचा जगरा कुणी पेटवायचा, वांगी कुणी चिरायची, वाढायला कोणती पोरं, पाण्याचं टँकर कुणाच्या ट्रॅक्टरला, हे सारं चार माणसं अर्ध्या तासात ठरवतात. वर्गणीची वही असते. कुणी पोतंभर गहू दिला, कुणी रोख दिले, तेल कितीचं आणलं, सगळं तीत असतं. काल्याच्या कीर्तनानंतर माईकवर हिशेब वाचला जातो. शंभर रुपये देणाऱ्याचं नाव राहिलं तर तो तिथंच उठून विचारतो. उरलेले पैसे कुणाकडे ठेवले, हेही सगळ्यांना माहीत असतं.

आता १ मे घ्या. महाराष्ट्रदिनाचं झेंडावंदन होतं आणि मग ग्रामसभा. सात दिवस आधी नोटीस फळ्यावर लागलेली असते, दवंडीही झालेली असते. समोर सतरंजीवर पंधरा-वीस माणसं, त्यात निम्मे पंचायतीचेच. कायदा सांगतो की गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हवीत. सहाशे मतदारांच्या गावात नव्वद. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तरी हजेरीचं रजिस्टर घरोघर फिरतं. कुणाला विचारलं, सभेला का नाही आलात, तर उत्तर ठरलेलं: ‘मिटिंगले जाऊन काय करता बाप्पा, सह्या घ्याले येतेच ना घरी!’

यात सगळा दोष गावकऱ्याचा नाही. ज्या सभेत ठरलेलं वाचून दाखवतात, तिथं तो कशाला जाईल? पण ही सभा पोकळ नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने तिला अधिकार दिलेत, १९९३ साली लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा दिली. सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित ठेवला, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. पैसा पाण्यासाठी होता, आणि तरी मे महिन्यात हंडे रांगेत होते. असं का व्हावं?

पहिलं कारण आपल्या पायाखाली आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झालेला हा आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलाय. काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला जाते, पूर्णेतून तापीला मिळते आणि अरबी समुद्र गाठते. अडाण आणि अरुणावतीचं पाणी पैनगंगेला मिळतं. ते पाणी वर्धेतून गोदावरीकडे आणि बंगालच्या उपसागराला जातं. पाऊस आपल्याकडे पडतो आणि दोन समुद्रांना वाटला जातो. काटेपूर्णेचं पाणी महान इथल्या धरणात अडतं आणि अकोला शहर ते पितं. आपल्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे. तो पाणी धरतो ते भेगांत आणि मुरमात, तेही थोडंच. पोळ्याला काठोकाठ भरलेली विहीर होळीला तळ दाखवते ती यामुळे.

दुसरं कारण कॅलेंडरात आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. पाणीटंचाईचा सरकारी आराखडा उन्हाळ्यात होत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा असतो, आणि त्याची तयारी पावसाळा संपताच सुरू होते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा पावसाळ्यानंतर निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते आणि कोणत्या गावाला कधी टंचाई येईल याचा अंदाज बांधते. विहीर खोल करणं, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, खासगी विहिरीचं अधिग्रहण, आणि काहीच नसेल तर टँकर: तुमच्या गावाला यातलं काय, हे त्या कागदावर ठरतं.

आपण ओरडतो मे महिन्यात. तेव्हा ठराव करा, पंचायत समितीत प्रस्ताव द्या, पाहणी होऊ द्या, मंजुरी येऊ द्या; तोवर लग्नाच्या घरी रोख पैशाचं टँकर एका फोनवर येऊन रिकामंही झालेलं असतं. आणि सरकारी टँकर आलं तरी त्याचा हिशेब दरडोई दररोज २० लिटरचा, तर जलजीवन मिशनने नळाचं माप ५५ लिटरचं धरलंय.

म्हणजे गावाला दुखणं कळतं मे महिन्यात आणि औषध मिळतं ऑक्टोबरात. ऑक्टोबरात विहीर भरलेली असते, सोयाबीन काढायची घाई असते, पाण्याचं नाव कोण काढणार? मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या विषयाचं पान कोरं राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाण्याची सगळी माहिती मे महिन्यातच गावात असते. कोणता हातपंप आधी आटला, कोणत्या विहिरीला पहाटे किती गुंड पाणी येतं, नळाचं पाणी तांड्यावर पोचलं की वाटेतच संपलं, हे बायांना पाठ असतं. मानोरा तालुक्याकडे एका गट ग्रामपंचायतीत दोन-तीन तांडे असतात. तिथले नायक-कारभारी हे सगळं सांगू शकतात. ते लिहून घ्या. सार्वजनिक विहिरीपासून पन्नास पावलांवर कुणी बोअर घेतलं असेल तर तेही लिहा. १९९३ पासूनच्या भूजल कायद्यांनी पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी नवी विहीर घ्यायला बंदी घातलीय. वहीत नोंद राहिली तर उद्या भावकीची भीड आडवी येणार नाही.

यासाठी दिवस आपल्याकडे तयार आहेत. ३० एप्रिल ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती. आपण ती ग्रामजयंती म्हणून पाळतो. त्या दिवशी सकाळी महिला सभा घ्या आणि तिथंच ही पाण्याची वही भरा. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना झाली, माणसं बसलेलीच आहेत, की वही वाचा. १ मेची ग्रामसभाही भर उन्हात न घेता दिवस कलल्यावर घ्या, देवळासमोर, त्याच माईकवर, आणि पंचायतीचा जमाखर्च सप्ताहाच्या वर्गणीसारखा नावानिशी वाचा. घरपट्टी भरतो तोही वर्गणीदारच आहे. गटारीवर किती गेले, हातपंप दुरुस्तीला किती, हे त्याने उठून विचारावं आणि ग्रामसेवकाने तिथंच सांगावं. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण उत्तर पूर्वीसारखं ‘बघून सांगतो’ नसावं.)

श्रमाचं म्हणाल तर गावाला ते शिकवायला नको. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत ८ एप्रिल ते २२ मे या ४५ दिवसांत, ऐन उन्हात, कारंजा-मंगरुळपीरकडच्या गावांनी चर खोदले, बांध घातले. स्पर्धा संपल्यावर त्या चरांतला गाळ काढायचं कुणाचं काम, हे मात्र बहुतेक ठिकाणी ठरलं नाही. ठरवायची जागा ग्रामसभाच होती.

तेव्हा पुढाऱ्यांवर रागवायचं असेल तर रागवा, माझी हरकत नाही. फक्त मे महिन्याची ती वही जपून ठेवा. २ ऑक्टोबरला विहीर काठोकाठ भरलेली असताना कुणीतरी, शक्यतो हंडा वाहणारीनेच, ती सभेत उघडावी आणि म्हणावं, आधी हे वाचा, ठरावात घ्या, तालुक्याला पाठवल्याची पोच दाखवा, मग पुढचा विषय. लोक कंटाळतील, ‘आता कशाले’ म्हणतील. तरी वाचू द्या.