आइसलँडमधला नट काय काय करतो?

(एपिसोडचं लिखित रूप. बोललो जवळपास तसंच ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय.)

आज एका देशाबद्दल बोलायचंय, जो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. २०१५ सालच्या ‘दिलवाले’मधलं ‘गेरुआ’ आठवतंय? काळी वाळू, बर्फाचे तुकडे, धबधबा, मोडलेलं विमान, आणि वाऱ्यात उडणारे काजोलचे कपडे. तो आइसलँड. आता सांगा, त्या गाण्यात आइसलँडचा माणूस किती वेळा दिसतो? जवळपास नाहीच.

हॉलिवूडचंही तेच. ‘इंटरस्टेलर’मध्ये आइसलँड दुसरा ग्रह झाला, ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये भिंतीपलीकडचा प्रदेश झाला, ‘वॉल्टर मिटी’मध्ये तर ग्रीनलँडसुद्धा झाला. परदेशी निर्मात्यांनी तिथे येऊन खर्च केला की त्यातला काही हिस्सा सरकार परत देतं. पूर्वी हा हिस्सा २५ टक्के होता, २०२२ पासून मोठ्या प्रोजेक्ट्सना ३५ टक्क्यांपर्यंत मिळतो. थोडक्यात, देश म्हणजे लोकेशन.

पण तिथे नट राहतात. ते काय करतात, पोट कसं भरतात, हा माझा आजचा विषय. आणि हा विषय माझ्या डोक्यात का शिरला, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की कोडिंग करणाऱ्या माणसाला मध्येच आइसलँड कुठून सुचलं.

मी इंजिनिअरिंगला असताना पुरुषोत्तमच्या तालमी करायचो. बीटेक झालं, नोकरी लागली, तरी रविवारी प्रायोगिकवाल्यांबरोबर काहीतरी चालू असायचं. गेल्या वर्षी त्याच ग्रुपमधल्या एका मित्राचा फोन आला. तो एक मराठी फिल्म करत होता. म्हणाला, “अरे, तुझ्यासाठी रोल आहे. बारा दिवस लागतील, भोरच्या बाजूला शूट आहे.” मी म्हटलं, “स्प्रिंट चालू आहे रे. आणि खरं सांगू का, मराठीत मार्केट केवढं? बघणार कोण?” तो एवढंच म्हणाला, “बरं.” आणि फोन ठेवला.

ते “बरं” माझ्या कानात राहिलं. कारण सुट्टीचं कारण निम्मंच खरं होतं. सुट्टी मागितली असती तर कदाचित मिळालीही असती. मी मागितलीच नाही. “मार्केट लहान आहे” हे वाक्य तोंडात तयार होतं, ते वापरलं.

त्यानंतर महिनाभराने, रात्री जेवताना काहीतरी लावायचं म्हणून मी एक आइसलँडिक फिल्म लावली. ‘हृतार’, इंग्रजीत ‘रॅम्स’. दिग्दर्शक ग्रिमूर हाकोनारसन. २०१५ साली कानमध्ये ‘अन सर्टन रिगार्ड’ विभागाचं मुख्य बक्षीस हिला मिळालं. गोष्ट काय? दोन म्हातारे सख्खे भाऊ. शेजारी शेजारी राहतात, दोघंही मेंढ्या पाळतात आणि चाळीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. अगदीच निरोप द्यायचा असेल तर चिठ्ठी लिहायची, ती कुत्रा तोंडात धरून शेजारी नेऊन देतो. मग मेंढ्यांमध्ये रोग येतो. बांधावरून बोलणं बंद झालेले भाऊ आपल्याकडे कुठल्या गावात नाहीत? मला सबटायटल्स वाचायची गरजच पडेनाशी झाली.

फिल्म संपल्यावर मी त्या नटांबद्दल वाचायला लागलो. धाकट्या भावाचं काम करणारा सिगुर्दुर सिगुरयोनसन. हा माणूस तिथे कशासाठी प्रसिद्ध असावा? टीव्हीवरच्या विनोदी स्किट्ससाठी! म्हणजे आपल्याकडे ‘हास्यजत्रा’मधल्या एखाद्या आवडत्या नटाने दाढी वाढवून मेंढपाळाचा रोल करावा आणि ती फिल्म कानमध्ये जिंकावी, तसं झालं.

(नावांचे उच्चार चुकत असतील, सांभाळून घ्या. एक सोपी गोष्ट सांगतो. तिथे बहुतेकांना आडनावच नसतं. सिगुर्दसन म्हणजे सिगुर्दुरचा मुलगा, मुलगी असेल तर दोत्तिर. आपलं मधलं नाव असतं ना वडिलांचं, ते त्यांचं शेवटचं. आणि पंतप्रधानांनासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात. मीही तेच करणार आहे.)

आता आकडा ऐका. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्याही आत आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे कोल्हापूरपेक्षा लहान देश, त्याची स्वतःची भाषा, जी बाहेर जवळपास कुणी बोलत नाही. आणि तरीही दरवर्षी तिथे त्या भाषेत फिल्म्स होतात. कशा?

पहिलं कारण पैशाचं. १९७८ साली तिथे फिल्म फंडाचा कायदा झाला. १९८० मध्ये ‘लँड अँड सन्स’ आली आणि तिथपासून तिथल्या सलग सिनेमाची सुरुवात धरतात. त्याआधी फिल्म्स झाल्या होत्या, पण तुरळक. तिकीटविक्रीवर एवढ्या लहान देशात फिल्म उभी राहूच शकत नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि सरकारी पैसा, टीव्ही, शेजारच्या देशांतले निर्माते अशी मोट बांधली.

दुसरं कारण, आणि नट म्हणून मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे नाटक. रेकयाविकमध्ये सगळ्यात जुनी नाटकमंडळी १८९७ ची आहे. राष्ट्रीय नाट्यगृह १९५० ला उघडलं. फिल्म इंडस्ट्री त्याच्या तीस वर्षांनंतरची. त्यामुळे फिल्मला नट लागले तेव्हा ते तयार होते. आजही तिथला नट मुळात नाटकवाला असतो. संध्याकाळी प्रयोग, दिवसा लहान मुलांच्या फिल्मचं डबिंग, मध्ये एखादी टीव्ही सीरीज. वर्षाच्या शेवटी ३१ डिसेंबरच्या रात्री सरकारी चॅनलवर एक विनोदी कार्यक्रम लागतो, १९६६ पासून. वर्षभरात जे जे झालं त्याची खिल्ली. जवळजवळ सगळा देश तो एकत्र बघतो. त्यातही हीच मंडळी.

म्हणजे “मी फिल्म ॲक्टर आहे” असं म्हणून घरी बसायची सोय तिथे नाही. तेवढं कामच नाही.

आता एक साखळी सांगतो, म्हणजे ‘लहान इंडस्ट्री’ म्हणजे काय ते दिसेल. २००० साली ‘एंजल्स ऑफ द युनिव्हर्स’ नावाची फिल्म आली, मानसिक आजारात हरवत जाणाऱ्या एका तरुणाची. तो तरुण झाला होता इंग्वार सिगुर्दसन. त्याच हॉस्पिटलमधला दुसरा पेशंट, ज्याला वाटतं की बीटल्सची गाणी आपणच लिहिलीत, तो झाला होता बाल्ताझार कोर्माकूर. दोघंही नट. त्याच वर्षी बाल्ताझारने स्वतः ‘१०१ रेकयाविक’ दिग्दर्शित केली. २००६ मध्ये त्याने ‘जार सिटी’ केली, त्यात डिटेक्टिव्ह कोण? इंग्वार. २०१५ मध्ये बाल्ताझारने हॉलिवूडची ‘एव्हरेस्ट’ केली, त्यात रशियन गिर्यारोहक कोण? इंग्वार. त्याच वर्षी बाल्ताझारची ‘ट्रॅप्ड’ ही टीव्ही सीरीज आली, बर्फात अडकलेल्या गावातल्या खुनाची. पोलिसांत कोण? परत इंग्वार!

हसू येतं ना? पण यातलाच दुसरा किस्सा बघा. २००८ मध्ये ‘रेकयाविक-रॉटरडॅम’ नावाची थ्रिलर आली, दिग्दर्शक दुसरा होता, हिरो बाल्ताझार. हॉलिवूडला ती आवडली. रीमेक ठरला, ‘कॉन्ट्राबँड’, २०१२. दिग्दर्शक बाल्ताझार, आणि त्याचा स्वतःचा रोल मार्क वॉलबर्गला. विचार करा, तुम्ही केलेला रोल दुसरा माणूस करतोय, त्याला जगभर बघणार आहेत, आणि ‘ॲक्शन’ तुम्ही म्हणताय. नट म्हणून मला ते जमलं असतं का? माहीत नाही. पोटात काहीतरी तुटलं असतं, एवढं नक्की.

मोठ्या इंडस्ट्रीने लहान देशाच्या नटाचं काय करायचं, हे ओलाफूर दारीच्या कामात छान दिसतं. धिप्पाड, दाढीवाला माणूस. ‘द मेग’ या शार्कच्या फिल्ममध्ये त्याच्या पात्राचं नाव काय होतं? ‘द वॉल’. भिंत! इंग्वारला आणि त्याला दोघांनाही ‘फँटास्टिक बीस्ट्स’च्या दुसऱ्या भागात घेतलं. एक शिकारी, दुसरा सर्कसवाला. पैसे चांगले मिळाले असणार, मला त्यात काही वाईट वाटत नाही. पण हाच ओलाफूर दारी ‘ट्रॅप्ड’मध्ये पोलिसप्रमुख आहे, लग्न मोडलंय, मुलींसोबत सासू-सासऱ्यांच्या घरी राहतोय, आणि चेहऱ्यावर झोप न झालेल्या बापाचा थकवा. ‘द डीप’मध्ये तो बोट बुडाल्यावर गोठवणाऱ्या समुद्रात तासन् तास पोहून जिवंत परतणारा खलाशी आहे. १९८४ मधली खरी घटना. परक्या भाषेत तो भिंत होता. माणूस व्हायला त्याला स्वतःच्याच भाषेत यावं लागलं.

इंग्वारला २०१९ मध्ये कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये बक्षीस मिळालं, ‘अ व्हाइट, व्हाइट डे’साठी. बायको गेलेला एक आजोबा, नात आणि एक अर्धवट घर. बक्षिसाचं नाव ‘रायझिंग स्टार’. इंग्वारचं वय तेव्हा ५५! आपल्याकडे तिशी जवळ आली की घरचे म्हणतात, आता पुरे ते नाटकबिटक. मी हे वाचून एकटाच हसलो आणि मग थोडा गप्प झालो.

बायकांचे रोल्सही बघा. २०१८ च्या ‘वुमन ॲट वॉर’मध्ये हालदोरा गेयरहार्दसदोत्तिर हिरोइन आहे, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची. धनुष्यबाणाने विजेच्या तारा पाडते, ड्रोन्सपासून लपते, शिवाय जुळ्या बहिणीचा रोलही तिचाच. दिग्दर्शक बेनेडिक्ट एर्लिंगसन, हाही मूळचा नट. स्टार सिस्टिमच नसल्यामुळे हिरोइनचं वय कुणी विचारलं नाही.

आता दुसरी बाजू. सगळं छान आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. तेच तेच चेहरे दिसतात. सगळे सगळ्यांना ओळखतात. एका दिग्दर्शकाशी बिनसलं तर दहा दरवाजे उरत नाहीत, दोन-तीनच असतात. २००८ मध्ये तिथल्या बँका कोसळल्या आणि नंतर फिल्म फंडालाही कात्री लागली. सरकारी पैशावर उभं राहायचं म्हणजे सरकारचा खिसा फाटला की आपलाही फाटतो. आणि तो श्रीमंत देश आहे. रिकाम्या महिन्यात नटाला आधार देणारी व्यवस्था तिथे आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे मराठी फिल्मला अनुदान आहे, पण फिल्मचं शूट संपल्यावर नटाचं घरभाडं कोण भरणार? म्हणून “नोकरी सोडा आणि स्वप्नामागे धावा” असं मी अजिबात म्हणत नाहीये. मी स्वतः सोडलेली नाही.

पण मित्राला मी जे कारण दिलं होतं, ते आता मला देता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे आठ कोटींच्या वर आहेत. आइसलँडच्या दोनशेपट. मार्केट लहान म्हणून रोल नाकारायचा असता, तर इंग्वारने १९९० च्या दशकातच अभिनय सोडायला हवा होता. आपल्या अडचणी खऱ्या आहेत. शो मिळत नाहीत, मिळाले तर दुपारी साडेबाराचे मिळतात, शेजारच्या स्क्रीनला हिंदी असतं. पण त्या आकड्याच्या अडचणी नाहीत. आणि माझी अडचण तर त्यातली एकही नव्हती. मला भीती वाटत होती की बारा दिवस जाऊन मी वाईट काम करेन आणि मग “मी नट आहे, वेळ नाही म्हणून करत नाही” हे म्हणता येणार नाही.

मित्राची फिल्म पूर्ण झाली. माझा रोल दुसऱ्याने केला. एडिट करताना त्याने मला घरी बोलावून दाखवली. त्या मुलाने चांगलं केलंय. मला बरं वाटलं, आणि नाहीही वाटलं. निघताना म्हटलं, “पुढच्या वेळी विचार. एका दिवसाचा असला तरी.” तो म्हणाला, “एका दिवसाचा आहे. डायलॉग नाहीये पण. चालेल?” म्हटलं, चालेल. सुट्टीचा अर्ज सोमवारी टाकला, मंजूरही झाला. बघू.

तुम्ही काय करायचं? या वीकेंडला एक फिल्म बघा. सुरुवात ‘रॅम्स’पासून करा, थ्रिलर हवी असेल तर ‘ट्रॅप्ड’. आणि नंतर जवळच्या थिएटरला कुठली मराठी फिल्म लागलीये तेही बघा, साडेबाराचा शो असला तरी. कशी वाटली ते व्हॉइस नोट पाठवून सांगा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो.

चला, भेटू. काळजी घ्या.