जराव्याधाचा माग

माउली, खोपटच्या एसटी स्टँडवर पंढरीच्या गाडीची वाट बघणारे तुम्ही. पलीकडं येऊरचं रान, तिथं चितळ चरतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आज त्यांच्यावर बाण सोडता येत नाही, आणि ते बरंच आहे. म्हणून व्याधाची रीत तुम्हाला सांगावी लागते.

बाण लागला की हरीण जागीच पडत नाही बरं का! ते पळतं. नवखा लगेच मागं धावतो आणि जनावर घालवतो. भ्यालेलं हरीण जीव असेतो थांबत नाही. जाणता व्याध ती जागा डोळ्यांत धरतो, दम खातो. मग बाण बघतो, पानावरचं रक्त बघतो. फेसाळ लाल असलं तर फुप्फुसाला लागलाय, काळपट असलं तर यकृताला. माग हरवला तर शेवटच्या ठिपक्यावर खूण करतो आणि तिथनंच पुन्हा शोधतो. टाकून जात नाही.

आता भागवताचा अकरावा स्कंध. नाथबाबांनी काशीत १५७३ साली मराठीत पुरा केला तोच. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढून संपले. देव पिंपळाखाली बसलेत, डावा पाय उजव्या मांडीवर. जराव्याधाला तो तांबडा तळवा हरणाचं तोंड वाटला. बाणाचं लोखंड कुठलं? ऋषींच्या शापाच्या मुसळाचं! चूर्ण करून समुद्रात टाकलं, उरला तुकडा माशानं गिळला, मासा जाळ्यात आला, तुकडा जराकडं.

बाण सुटला. जरा हरीण उचलायला पुढं गेला, आणि बघतो तर चतुर्भुज मूर्ती! न बघता निघून गेला असता तर? पाप तेवढंच राहिलं असतं, दर्शन मात्र हुकलं असतं. त्यानं पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, देवा, मला पाप्याला लगेच मारून टाका. देव म्हणाले, भिऊ नको, ऊठ, माझ्याच मनातलं झालं. तीन प्रदक्षिणा घालून जरा विमानानं स्वर्गाला गेला. घायाळ देवानं घाव घालणाऱ्याला आधी पोचवलं, महाराज!

पाठोपाठ दारुक सारथी धन्याला शोधत आला. त्याच्यापुढं ना रक्ताचा ठिपका, ना पाऊल. वाऱ्यावर तुळशीचा वास आला. त्या वासाच्या मागानं तो पिंपळाखाली पोचला, रथातून उतरला आणि पायांवर पडून रडू लागला.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!