गडावर पहिला गडगडाट ऐकू आला की…

पावसाळा म्हटलं की गड, धुकं आणि रील. मजा आहेच. पण आज त्याआधी दोन तारखा ऐका.

११ जुलै २०२१. जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर लोक पाऊस बघायला थांबले होते. वीज पडली आणि किमान ११ जणांचा जीव गेला.

७ जुलै २०२४. आपला रायगड. इतका पाऊस झाला की पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहू लागले आणि पर्यटक अडकले.

गड उंचावर बांधले, शत्रू लांबून दिसावा म्हणून. विजेच्या बाबतीत मात्र हीच उंची आपल्यावर उलटते. आणि माथ्यावरचं पाणी उतरताना बऱ्याचदा आपलीच वाट धरतं.

म्हणून निघायच्या आधी हवामान खात्याचा अलर्ट बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत पुढे ढकला. गड कुठे पळून जात नाही! फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलंय, जवळपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं.

रेंज गेली तर? कान आहेत ना. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. मी तर मोजत बसत नाही. पहिला गडगडाट, की माघारी. कारण गड उतरायला वेळ लागतो, विजेला लागत नाही.

अडकलातच तर बुरूज, ध्वजस्तंभ, एकटं झाड आणि लोखंडी रेलिंग यांपासून लांब व्हा. उघडी छत्री किंवा पडका वाडा म्हणजे आसरा नव्हे. घोळका करू नका, अंतर ठेवा. खाली पोचलात की बंद गाडीत किंवा पक्क्या घरात बसा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

पायऱ्यांवरून पाणी वाहत असेल तर त्यात उतरू नका. वाटेच्या कडेला, दरड नसलेल्या उंच जागी थांबा आणि जोर ओसरू द्या. गुडघाभर वाहतं पाणीही माणसाला पाडतं.

कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच सीपीआर सुरू करा, दुसऱ्यानं ११२ लावायचा.

आणि हो, ग्रुपमध्ये ‘अरे, काही होत नाही’ म्हणणारा एक असतोच. तेव्हा ‘चला, उतरूया’ म्हणणारे तुम्ही व्हा. भेटू पुढच्या भागात!