आपल्या वस्तीत काय वाचलं जातं?

(विहाराच्या वर्धापनदिनी ग्रंथालय समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला विहाराचा अहवाल वाचण्याची पद्धत आहे. जमा-खर्च, रंगरंगोटी, बोअरचं पाणी, सगळं त्यात येतं. यंदा समितीने आम्हाला सांगितलं की ग्रंथालयाचाही अहवाल द्या. पण कपाटात पुस्तकं किती आहेत हे सांगून काय साधणार? पुस्तक कपाटात असणं वेगळं आणि ते माणसाच्या हातात असणं वेगळं. म्हणून गेले काही महिने आम्ही घराघरांत एवढंच विचारलं, की सध्या काय वाचताय आणि ते कसं वाटलं? त्याची उत्तरं आज आपल्यापुढे ठेवतो. काही गोड लागतील, काही बोचतील. दोन्ही ऐकून घ्यावी ही विनंती.

सुरुवात अर्थातच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथापासून. परमपूज्य बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, शरीर साथ देत नसताना हा ग्रंथ लिहिला. तो छापून आलेला त्यांना पाहता आला नाही. १९५६ च्या डिसेंबरात त्यांचं महापरिनिर्वाण झालं आणि १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण विहारात त्याचं वाचन करतो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. पण ऐकणाऱ्यांचं मत कधी कुणी विचारतं का? आम्ही विचारलं.

एक आजी म्हणाल्या, "भाषा जड आहे बाबा. निम्मं डोक्यावरून जातं. पण रोहिणी नदीचं सगळं कळलं." सिद्धार्थाने गृहत्याग का केला याची जुनी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं आणि राजपुत्राला विरक्ती आली. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच या कथेला प्रश्न केला आहे, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिलाच नव्हता हे पटतं का? त्याऐवजी शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणीच्या पाण्याचा तंटा त्यांनी पुढे ठेवला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्या विरोधाची किंमत म्हणून घर सोडलं. आजी म्हणतात, "हे तर आपल्याकडच्या आवर्तनासारखंच झालं." खरंच आहे. भंडारदऱ्याचं पाणी, पाटाच्या टेलच्या शेतकऱ्याची तक्रार, जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की तापणारं वातावरण, हे नगर जिल्ह्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या आजींना 'भाषा जड' वाटते त्यांनी ग्रंथाचा गाभा बरोबर पकडला. म्हणून आमचं म्हणणं असं, की वाचन झाल्यावर ग्रंथ कपाळाला लावून मिटून ठेवण्याआधी पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं झालीच पाहिजेत. ज्या ग्रंथाची सुरुवातच प्रश्न विचारून होते, तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा म्हणजे त्याचा मान राखणं नव्हे.

आता ज्या पुस्तकावरून आपल्या वस्तीत खरोखर वाद झाला त्याकडे वळतो. ते पुस्तक म्हणजे दया पवारांचं 'बलुतं'. १९७८ साली ते आलं. पवार आपल्याच जिल्ह्याचे, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचा जन्म १९३५ चा. काही बालपण मुंबईच्या कावाखान्यात गेलं, काही गावी, आणि शिक्षणासाठी ते संगमनेरला राहिले. म्हणजे पुस्तकात येणारी वाट, एसटी, बाजार हे सगळं आपल्या ओळखीचं. १९९६ साली ते गेले. पुस्तक मात्र अजून भांडण लावतं, इतकं ते जिवंत आहे.

एका गृहस्थांनी आमच्याकडे मागणी केली, की हे पुस्तक विहाराच्या कपाटातून काढा. त्यांचं म्हणणं आम्ही नीट ऐकून घेतलं, कारण ते तळमळीने बोलत होते. "माझ्या मुलीने ते वाचलं आणि मला विचारलं, आपण मेलेलं ढोर खात होतो का? आम्ही गाव सोडलं, नाव बदललं, धम्म घेतला. मग ती घाण पुन्हा पोरांच्या ताटात कशाला वाढायची? शेजारचे वाचतील तर काय म्हणतील?" हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. पुस्तक आलं तेव्हाही आपल्या समाजातल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या अनेकांनी असंच म्हटलं होतं, की आपली लक्तरं चव्हाट्यावर कशाला?

त्यांच्या मुलीलाही आम्ही विचारलं. ती बारावीत आहे. ती म्हणाली, "मला घाण नाही वाटली. मला आजोबा कळले. ते ताटात अन्न टाकू देत नाहीत आणि कुणी टाकलं तर एवढे का चिडतात, ते कळलं."

बंधू-भगिनींनो, आमचं मत या मुलीच्या बाजूने आहे. आजच्या मुलांना 'बलुतं' या शब्दाचा अर्थच ठाऊक नाही. गावाची कामं करायची आणि त्याबदल्यात खळ्यावरचा धान्याचा वाटा व शिळी भाकरी मागून आणायची, याला बलुतं म्हणत. हक्क म्हणायचा आणि हात पसरायला लावायचे, अशी ती व्यवस्था. ती लाज आपली नव्हे. ज्यांनी ती लादली त्यांची आहे. आपल्या बापजाद्यांनी त्यात दिवस काढले आणि तरीही पोरांना शाळेत घातलं, यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? म्हणून समितीने ठरवलं की पुस्तक कपाटातच राहील. पण त्या गृहस्थांचं एक म्हणणं आम्हाला पटलं. कोवळ्या वयाच्या मुलाच्या हातात हे पुस्तक नुसतं देऊन मोकळं होऊ नये. घरातल्या मोठ्यांनी सोबत वाचावं, बोलावं.

यालाच जोडून दुसरी गोष्ट. आपल्या अभ्यासिकेत मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात याचा आम्हाला अभिमान आहे. ती वाचतात काय? पोलीस भरतीचे गाईड, तलाठी भरतीच्या प्रश्नपत्रिका, एमपीएससीची पुस्तकं. कुणी म्हणतं, हे काही वाचन नव्हे. आम्ही तसं म्हणणार नाही. ज्याच्या घरात एकाच्या मजुरीवर पाच जण जेवतात, त्याने भरतीचं पुस्तक आधी वाचायचं नाही तर काय करायचं? पण एका मुलाला आम्ही विचारलं, संविधानाचं कलम १७ कशाबद्दल आहे? त्याने चटकन सांगितलं, अस्पृश्यता निवारण. मग विचारलं, अस्पृश्यता म्हणजे काय होतं? तो गप्प राहिला. एका मार्काचं उत्तर पाठ आहे, पण त्या मार्कामागे किती पिढ्या उभ्या आहेत ते ठाऊक नाही. अभ्यासिकेतल्या मुलाने भरतीच्या चार पुस्तकांबरोबर एक 'बलुतं' वाचावं. कलम १७ पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

वडील मंडळींमध्ये सर्वांत जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे डॉ. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही'. १९९३ सालचं. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरहून मुंबईला आलेल्या कामगार बापाची आणि त्याच्या शिकलेल्या मुलांची ही कहाणी. निवृत्त मंडळींना ते फार आवडतं. "आमचीच गोष्ट आहे," असं चौघांनी तरी सांगितलं. पण एका ताईंनी वेगळंच मत दिलं. त्या म्हणाल्या, "त्या घरातली पोरं मोठी झाली, आनंद आहे. पण माझा पोरगा पदवी घेऊन एमआयडीसीत कंत्राटावर जातो. त्याचं पुस्तक कोण लिहिणार?" या प्रश्नाला आमच्यापाशी तयार उत्तर नाही. मात्र त्या पुस्तकातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाच्या आग्रहावरून बापाने स्वतः, स्वतःच्या बोलीत आपलं आयुष्य लिहून काढलं. फारसं न शिकलेला कामगार लिहू शकतो, तर आपल्या वस्तीतल्या ताईंनाही लिहिता येईल.

भगिनींच्या वाचनाविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं. रजिस्टर पाहिलं तर बायकांची नावं कमी. म्हणजे त्या वाचत नाहीत असा निष्कर्ष काढाल तर चुकाल. पुस्तक नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर जातं आणि दुपारी भांडी घासून झाल्यावर तिसरंच कुणी वाचतं. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ची आमची प्रत पार खिळखिळी झाली आहे. फलटणच्या बेबीताई घरच्या दुकानात बसायच्या आणि पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या आणि ते लिखाण घरच्यांपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवलं. पुस्तक निघालं १९८६ साली. आपल्या एक मावशी म्हणाल्या, "सासूने सुनेला कसं छळलं ते बाईने लिहिलं. आपल्यातलंच लिहिलं. एवढी हिंमत पाहिजे." ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ सालचं, तेही मागून नेलं जातं. जातीचा जाच बाहेरचा आणि बाईपणाचा जाच घरातला, असे दोन्ही या पुस्तकांत आहेत. पुरुषांनी ही दोन पुस्तकं नेल्याची नोंद फारशी सापडत नाही. उपासकांनो, याचा विचार व्हावा.

बाबासाहेबांच्या मूळ लेखनाचं काय? महाराष्ट्र शासनाने त्यांचे लेखन आणि भाषणांचे खंड काढायला १९७९ साली सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. बहुतेक खंड इंग्रजीत, म्हणून आपल्याकडे ते शोभेसारखे राहतात. पण अठरावा खंड मराठी भाषणांचा आहे, तीन भागांत. तो तरी प्रत्येकाने चाळावा. खंड छापण्याच्या कामाला इतकी ढिलाई आली, की वर्तमानपत्रातल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. लोक मागत आहेत आणि पुस्तक मिळत नाही, ही आपल्या समाजाच्या वाचनभुकेची खूणच समजायची.

आणि मोबाईल? आज सर्वांत जास्त वाचन तिथेच होतं, हे मान्य करू. सकाळी उठल्याबरोबर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली चार ओळी येतात. त्यांतल्या किती ओळी बाबासाहेबांच्या असतात? भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलं होतं, की केवळ ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः तपासून पाहा. मग आलेला मेसेज तपासल्याशिवाय पुढे ढकलणाऱ्याला कालाम सुत्त कळलं असं कसं म्हणायचं? कोणत्या भाषणात, कोणत्या साली, कोणत्या खंडात, एवढे तीन प्रश्न पाठवणाऱ्याला विचारा. उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा.

वाचन म्हणजे केवळ करमणूक नव्हे, हे सांगायला एकच दाखला देतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, छापील भाषण आधी वाचलं आणि मतभेद होऊन संमेलनच रद्द केलं. ते भाषण कुणी ऐकलं नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः पुस्तकरूपाने लोकांपुढे आणलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ काढून घेता येतं, माईक बंद करता येतो. छापलेला शब्द हातोहात जातो. 'जातिप्रथेचे विध्वंसन' आपण आजही वाचतो ते त्यामुळेच.

आपल्या नगरला ग्रंथालयाची परंपरा नवी नाही. इथलं जिल्हा वाचनालय १८३८ सालापासूनचं. पण त्या काळी आपल्या माणसाला अक्षराच्या जवळ जाण्याची मुभा नव्हती. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पिढ्या बदलल्या आणि आज कपाटाची किल्ली आपल्याच हातात आहे. ती किल्ली गंजू देणं आपल्याला शोभणार नाही.

म्हणून समितीतर्फे काही गोष्टी जाहीर करतो. दर रविवारी वंदनेनंतर कपाट तासभर उघडं राहील. भगिनींनी पुस्तक स्वतःच्या नावावर न्यावं. ज्यांना अक्षर दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्यांना अभ्यासिकेतली मुलं आळीपाळीने वाचून दाखवतील. तेवढाच त्यांच्या डोळ्यांना गाईडमधून विसावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक घराला आम्ही एक कोरी वही देणार आहोत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगावं, नातवंडांनी लिहावं. गाव कोणतं, कधी सोडलं, धम्म कधी घेतला, पहिला शाळेत कोण गेला. शुद्धलेखनाची काळजी नको. बोलता तसं लिहा. पुढच्या वर्धापनदिनी त्या वह्या याच कपाटात, दया पवार आणि बेबीताईंच्या शेजारी ठेवू. कंत्राटावर जाणाऱ्या मुलाचं पुस्तक कोण लिहिणार असं ज्या ताईंनी विचारलं, त्यांच्या घरी पहिली वही जाईल.

 सर्वांचं मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!