विसर्जनाचा विवेक : जुना संगणक आणि त्यातील ठेव

(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांचे सिंहावलोकन करताना काय उभारले, काय मिळविले याची चर्चा होणे स्वाभाविक आहे. परंतु जैन परंपरेने मिळविण्याइतकाच टाकण्याचाही सूक्ष्म विचार केला आहे. साधू-साध्वींच्या पाच समितींमध्ये ईर्या, भाषा, एषणा व आदान-निक्षेपण यांच्यानंतर पाचवी उत्सर्ग समिती सांगितली आहे. जे टाकायचे ते कोठे व कसे टाकावे, जेणेकरून कोणत्याही जीवास पीडा होणार नाही, याचा विवेक म्हणजे ही समिती. श्रावकाच्या घरी, दुकानी व संस्थेत या विवेकाची कसोटी पाहणारी एक वस्तू आज आहे, ती म्हणजे जुना संगणक.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणकही निवृत्त होऊ लागले आहेत. कसाऱ्यासारख्या घाटपायथ्याच्या गावात असा संगणक बहुधा माळ्यावर जातो, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर. किलोच्या भावाने चार पैसे हाती येतात. पण त्यासोबत आणखी काय विकले गेले, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

संस्थेच्या संगणकात काय असते? देणगीदारांची नावे व पॅन क्रमांक, पाठशाळेतील मुलांच्या जन्मतारखा, शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबतचे उत्पन्नाचे दाखले. आणि साधर्मिक भक्तीच्या निधीतून ज्या कुटुंबांना औषधोपचारासाठी वा किराण्यासाठी साहाय्य झाले, त्यांची यादी. या हाताचे त्या हाताला कळू नये अशा रीतीने दिलेले गुप्तदानही डिस्कमध्ये नावानिशी नोंदलेले असते. पैशांचे नुकसान एखादे वेळी भरून निघेल; परंतु अडचणीच्या काळात मदत स्वीकारावी लागलेल्या कुटुंबाची झाकली मूठ एकदा उघडी पडली, की ती पुन्हा झाकता येत नाही. सत्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये दुसऱ्याचे रहस्य उघड करणे आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे, यांची गणना केली आहे. विश्वासाने सोपविलेली माहिती हीदेखील ठेवच होय.

फाईल ‘डिलीट’ केली की ती गेली, हा मोठा गैरसमज आहे. वहीची अनुक्रमणिका फाडली तरी आतील पाने जशीच्या तशी राहतात. हार्ड डिस्कमध्ये नेमके हेच घडते. त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर सहज मिळणाऱ्या प्रोग्रामने परत काढता येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सिमसन गारफिंकेल व अभी शेलाट या दोन विद्यार्थ्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार चालू अवस्थेतील १२९ पैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. मोठ्या पेढ्याही यातून सुटलेल्या नाहीत. डिस्क नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या सामान-वाहतूकदारावर हे काम सोपविल्याबद्दल मॉर्गन स्टॅनले या वित्तसंस्थेस २०२२ मध्ये ३.५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला.

मग करावे काय? प्रथम आवश्यक हिशेबांची प्रत दुसरीकडे सुरक्षित घ्यावी आणि ती उघडते की नाही हे पाहावे. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. न्यासाच्या दप्तराबाबत लेखापरीक्षकाचा सल्ला घ्यावा. त्यानंतर बँक, ई-मेल इत्यादी खात्यांतून बाहेर पडावे.

विंडोज १० वा ११ असल्यास ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करावा आणि सर्व ड्राइव्ह निवडावेत. यास काही तास लागतात. म्हणून वीज सलग राहील असा दिवस निवडावा. एसएसडी प्रकारच्या डिस्कसाठी तिच्या उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोय वापरावी. डिस्क बंद पडली असेल तर ती पुसता येत नाही. परंतु जाणकार ती वाचू शकतो. अशी डिस्क जाणत्या कारागिराकडून, डोळ्यांना चष्मा लावून, ड्रिलने चकतीपर्यंत आरपार छिद्रे पाडून निकामी करावी. एसएसडीत चकती नसते. तिची प्रत्येक चिप फोडावी लागते. पेन ड्राइव्ह व जुने मोबाइलही विसरू नयेत. काही झेरॉक्स यंत्रांतही हार्ड डिस्क असते.

माहिती पुसल्यावर संगणक चालू असेल तर तो आश्रमशाळेस वा गरजू विद्यार्थ्यास द्यावा; परिग्रह कमी होतो आणि ज्ञानदानही घडते. निरुपयोगी असेल तर तो जाळू वा फोडू देऊ नये. जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर निघतो. त्यात वायुकायापासून पंचेंद्रियापर्यंत सर्व जीवांची विराधना होते. मुंबईची तहान भागविणारे भातसा व तानसा हे जलाशय याच शहापूर तालुक्यात आहेत. येथील मातीत मुरलेले विष येथेच थांबेल असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे जाणे अपेक्षित आहे. गावोगावचा कचरा एकत्र करून वर्षातून एकदा पाठविल्यास वाहतुकीचा खर्चही परवडेल.

प्रत्येक संस्थेने यासाठी एक नोंदवही ठेवावी. यंत्र कोणते, डिस्क कशी पुसली वा फोडली, कोणाकडे सोपविली, पावती कोठे आहे, हे लिहून दोन विश्वस्तांनी स्वाक्षरी करावी. मार्चअखेर जमाखर्च मिटविताना ही वहीही तपासावी. देणगीदाराने पावती घेताना, आणि गरजू कुटुंबाने अर्ज देताना, जो विश्वास संस्थेच्या स्वाधीन केला, तो यंत्र भंगारात गेल्याने संपत नाही. तो शेवटच्या डिस्कपर्यंत सांभाळणे हाच विश्वस्त या शब्दाचा अर्थ होय.

जय जिनेंद्र!